पहिली दुर्बीण घेताना : खिशातली की गळ्यातली?

पक्षी बघायचा नाद लागला की दोन-तीन महिन्यांत दुर्बिणीचा विषय निघतोच. दुकानात गेल्यावर समोर दोन आकार येतात. एक तळहातावर मावणारी, पर्समध्ये किंवा खिशात राहणारी. दुसरी गळ्यात अडकवायची, दोन्ही हातांनी धरायची. नव्या माणसाचं मन हमखास छोटीकडे ओढ घेतं. माझंही घेतलं होतं. मी १०×२५ ची (हे आकडे दुसऱ्या टप्प्यात उलगडते) छोटी दुर्बीण घेतली आणि डिसेंबरातल्या एका सकाळी पनवेलजवळच्या कर्नाळ्याला गेले. झाडीत पल्लवपुच्छ कोतवाल आला. या पक्ष्याच्या शेपटीतून दोन लांब तारा निघतात आणि त्यांच्या टोकाला पानासारखी पिसं असतात. शेजारच्या काकूंनी आपल्या मोठ्या दुर्बिणीतून बघत तारा कुठे वळतात, पानं कशी हलतात ते सांगितलं. मला मात्र गर्द फांद्यांमध्ये काळ्यावर काळं एवढंच दिसत होतं. त्यांनी आपली दुर्बीण माझ्या हातात दिली आणि तोच पक्षी, त्याच फांदीवर, तारांसकट दिसला.

त्या दिवशी जे कळलं आणि पुढच्या काही वर्षांत तीन दुर्बिणी वापरून जे पक्कं झालं, ते इथे क्रमाने लिहिते आहे. घाई असेल त्यांच्यासाठी माझं मत आधीच सांगते: पक्ष्यांसाठी एकच दुर्बीण घेणार असाल तर ८×४२ घ्या. वजन झेपणार नसेल तर ८×३२. खिशातली ८×२५ ही चांगली दुसरी दुर्बीण आहे. पहिली म्हणून ती का पुरत नाही, ते पुढे वाचा.

१. खरेदीआधी दोन-तीन दुर्बिणींतून बघा

दुर्बीण कागदावरच्या आकड्यांवरून निवडता येते, पण आवडते ती डोळ्याला लावूनच. महाराष्ट्रात दरवर्षी ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो. ५ तारखेला मारुती चितमपल्लींचा आणि १२ तारखेला सालिम अलींचा जन्मदिवस. या आठवड्यात गावोगावी पक्षी निरीक्षणाच्या फेऱ्या निघतात आणि अशा फेरीत पाच-सहा वेगवेगळ्या दुर्बिणी सहज भेटतात. "एक मिनिट बघू का?" असं विचारलं तर पक्षी बघणारी माणसं सहसा नाही म्हणत नाहीत. फक्त पट्टा आधी आपल्या गळ्यात घाला, मग दुर्बीण हातात घ्या. दुसऱ्याची वस्तू आहे.

एका वहीत तीन गोष्टी लिहून ठेवा: तुम्ही मुख्यतः कुठे जाणार (जंगल, पाणथळ, माळरान की सोसायटीची बाग), किती वाजता जाणार आणि किती चालणार. पुढचा सगळा निर्णय यावरच होतो.

२. दुर्बिणीवरचे दोन आकडे

८×४२ मधला ८ म्हणजे किती पट जवळ दिसणार. ८० मीटरवरचा खंड्या १० मीटरवर बसल्यासारखा दिसेल. ४२ म्हणजे पुढच्या मोठ्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. छोट्या दुर्बिणींत हा आकडा २० ते २८ असतो, गळ्यात अडकवायच्या दुर्बिणींत बहुधा ३२ ते ४२.

पहिल्या आकड्याचा मोह टाळा. त्याच खंड्याला १० पटीने बघितलं तर तो ८ मीटरवर दिसेल. १० आणि ८ मीटर, फरक एवढाच. त्या बदल्यात हाताची थरथरही १० पट मोठी होते आणि दिसणारं वर्तुळ बहुतेक वेळा लहान होतं. फांद्यांतून सारख्या उड्या मारणाऱ्या शिंजीर, शिंपी, वटवट्या यांना नवख्या हाताने १० पटीत पकडणं फार अवघड जातं. सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यासारख्या माळरानावर तर ऊन चढल्यावर जमिनीलगतची हवा लहरायला लागते. तेव्हा जास्त पट म्हणजे त्या लहरीच मोठ्या दिसतात, चंडोल नाही. धरणाच्या मोकळ्या पाण्यावर १० पटीचा उपयोग आहे, हे मान्य. पण तो पुढचा विचार झाला.

३. उजेडाचा हिशेब : खरा फरक इथे आहे

दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागा. ४२ भागिले ८, म्हणजे ५.२५. दुर्बिणीतून डोळ्याकडे जो उजेडाचा झोत येतो, त्याचा हा व्यास, मिलिमीटरमध्ये. दुर्बीण हातभर लांब धरून आकाशाकडे करा (सूर्याकडे नाही, कधीच नाही), मागच्या भिंगात तो पांढरा गोल डोळ्यांनी दिसतो.

८×४२ : ५.२५ मिमी
८×३२ : ४ मिमी
८×२५ : सुमारे ३.१ मिमी
१०×२५ : २.५ मिमी

आता आपल्या डोळ्याकडे या. लख्ख उन्हात बाहुली आकसून दोन-तीन मिलिमीटरची होते. म्हणजे भर दुपारी छोटी दुर्बीणही बाहुली भरून उजेड देते आणि त्या वेळी दोन्हींत उजेडाचा फरक फारसा जाणवत नाही. दुकानात नेमकी हीच फसगत होते. आपण दुपारी बाराला दारात उभं राहून समोरची पाटी वाचतो, दोन्ही सारख्याच वाटतात, आणि हलकी व स्वस्त ती आपण घेऊन येतो.

पक्षी मात्र दुपारी बाराला सावलीत गप्प बसलेले असतात. त्यांची वेळ पहाटेची, नाहीतर संध्याकाळची. त्या उजेडात, किंवा कर्नाळा, आंबोली, गोव्यातलं बोंडला अशा दाट झाडीत दिवसासुद्धा, बाहुली पाच मिलिमीटरपर्यंत उघडते. २.५ मिमीचा झोत तिला अर्धाही भरत नाही. माझा कोतवाल तिथे हरवला. नवरंग तर जंगलाच्या जमिनीवर पाचोळ्यात फिरणारा पक्षी. त्याच्या पोटाखालचा लाल रंग सावलीत दिसायचा तर मोठं भिंगच हवं. ४२ च्या भिंगाचं क्षेत्रफळ २५ च्या भिंगाच्या सुमारे २.८ पट भरतं.

वयाबरोबर बाहुली पूर्वीइतकी उघडत नाही, म्हणून साठीपुढच्या माणसाला ८×३२ आणि ८×४२ मधला फरक कमी जाणवतो. आईसाठी दुर्बीण घेताना मी हा विचार करून ८×३२ घेतली आणि ती खूश आहे.

आणखी एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. मोठा झोत फक्त अंधारात कामाला येतो असं नाही. भिगवणला कुंभारगावच्या बाजूने उजनीच्या पाण्यात होडीतून गेलात, तर स्वच्छ ऊन असतं, उजेडाची काही कमी नसते. पण होडी हलते. तीन मिलिमीटरचा झोत बाहुलीवरून सारखा निसटतो आणि चित्राच्या कडेला काळ्या सावल्या येतात. पाच मिलिमीटरच्या झोतात डोळा थोडा इकडेतिकडे झाला तरी चित्र टिकतं. छोट्या चिखल्याच्या डोळ्याभोवतीचं पिवळं कडं मला आठ-पटीच्याच दोन दुर्बिणींतून त्याच होडीत बघायचं होतं. ४२ मध्ये लगेच दिसलं, २५ मध्ये पक्षी उडून गेला तरी चित्र स्थिर झालं नाही.

४. दिसणारं वर्तुळ

खोक्यावर लिहिलेलं असतं: १००० मीटरवर अमुक मीटर, किंवा अमुक अंश. एक अंश म्हणजे १००० मीटरवर साधारण १७.५ मीटर. चांगल्या ८×४२ मध्ये हा आकडा १३० ते १४० च्या आसपास असतो, बऱ्याच छोट्या दुर्बिणींत ११० च्या जवळपास. कागदावर हे किरकोळ वाटतं. पण २० मीटरवरच्या झाडात त्याचा अर्थ २.८ मीटर रुंद तुकडा की २.२ मीटर, असा होतो. पानात लपलेला हळद्या शोधताना तो अर्धा मीटर फार मोलाचा.

सोबत जवळात जवळ किती अंतरावर फोकस होतो तेही बघा. दोन-अडीच मीटरपर्यंत होत असेल तर फुलपाखरं आणि चतुरही बघता येतील.

५. चष्मा असेल तर हे आधी वाचा

दुर्बिणीच्या माहितीत "आय रिलीफ" असा आकडा असतो. मागच्या भिंगापासून डोळा किती लांब ठेवला तरी पूर्ण वर्तुळ दिसतं, ते अंतर. चष्मेवाल्यांना किमान १५-१६ मिमी हवं. कित्येक छोट्या दुर्बिणींत ते १० च्या आसपास असतं आणि मग किल्लीच्या भोकातून बघितल्यासारखा फक्त मधला तुकडा दिसतो. चष्मा लावून बघताना मागचे रबरी किंवा फिरते कप पूर्ण खाली करायचे, चष्मा नसेल तर वर काढायचे. कितीतरी जण ही एक गोष्ट माहीत नसल्यामुळे दुर्बिणीला दोष देतात.

दोन बाहुल्यांमधलं अंतरही मोजून ठेवा. आरशासमोर पट्टी धरून मोजता येतं. मोठ्यांचं बहुधा ६०-६५ मिमीच्या आसपास भरतं, लहान मुलांचं बरंच कमी. अनेक ८×४२ दुर्बिणी ५६ मिमीपेक्षा जास्त मिटत नाहीत, त्यामुळे सात-आठ वर्षांच्या मुलीला त्यातून दोन वर्तुळं वेगवेगळी दिसतात आणि ती कंटाळते. दोन बिजागरींची छोटी दुर्बीण खूप मिटते. मुलांसाठी माझं मत म्हणूनच छोटीच्या बाजूने आहे, पण ८ पटीपेक्षा जास्त नको.

६. वजन

साधारण वजनं अशी: ८×२५ अडीचशे ते साडेतीनशे ग्रॅम, ८×३२ साडेचारशे ते सहाशे, ८×४२ सहाशे ते आठशे. तीन तास गळ्यात सातशे ग्रॅम म्हणजे मानेला त्रास होतोच. पण त्याला उपाय आहे. दोन्ही खांद्यांवरून जाणारा, पाठीवर फुली होणारा पट्टा मिळतो. त्याने सगळं वजन खांद्यांवर जातं आणि दुर्बीण छातीवर आपटत नाही. तो लावून बघितल्याशिवाय वजनासाठी म्हणून छोटीकडे वळू नका. हलकी दुर्बीण हातात जास्त थरथरते, हेही लक्षात असू द्या.

छोटी खरोखर योग्य कुणासाठी? हरिश्चंद्रगडासारख्या ट्रेकला निघालेल्यासाठी, जिथे पाणी, जेवण, पांघरूण यांच्यात प्रत्येक ग्रॅम मोजला जातो. रोज सायकलने ऑफिसला जाताना वाटेत पाच मिनिटं तळ्यापाशी थांबणाऱ्यासाठी. आणि ज्याच्याकडे आधीच एक मोठी आहे त्याच्यासाठी. माझी ८×२५ कायम गाडीत असते.

७. खोक्यावर काय शोधायचं

प्रिझम म्हणजे नळीच्या आतली, उलटं चित्र सुलटं करणारी काच. ते दोन तऱ्हेचे. पोरो म्हणजे जुन्या घडणीची, खांदे बाहेर आलेली दुर्बीण. रूफ म्हणजे सरळ नळ्यांची. पैसे कमी असतील तर पोरो घ्या. रूफ प्रिझम चांगला करायला "फेज कोटिंग" लागतं आणि अगदी स्वस्त रूफ दुर्बिणींत बऱ्याचदा ते नसतं. त्याच किमतीत पोरोतून चित्र जास्त स्वच्छ मिळतं. निकॉन, ओलिंपस यांच्या साध्या पोरो दुर्बिणींवर आपल्याकडच्या कितीतरी पक्षीमित्रांनी सुरुवात केली आहे.

"फुली मल्टीकोटेड" हे शब्द हवेत, म्हणजे सगळ्या काचांवर उजेड वाया न जाऊ देणारे अनेक थर चढवलेले. नुसतं "कोटेड" पुरेसं नाही. प्रिझमची काच "बॅक-४" असेल तर उत्तम.

"वॉटरप्रूफ" आणि "वॉटर रेझिस्टंट" एक नाहीत. पहिल्यात आत नायट्रोजन भरून सगळं सीलबंद केलेलं असतं, दुसऱ्यात फक्त शिंतोडे सोसण्याची हमी. साध्या पोरो दुर्बिणी बहुतेक सीलबंद नसतात. तुम्ही कोकणात, गोव्यात किंवा मुंबईत राहत असाल तर इथे थोडे पैसे जास्त घाला. कारण शेवटच्या टप्प्यात येईल.

किमती मुद्दाम लिहीत नाही, त्या सारख्या बदलतात. एवढंच सांगते की ठरलेल्या पैशांत सर्वात मोठी पट किंवा सर्वात नामांकित शिक्का शोधण्याऐवजी त्या पैशांतली सर्वात चांगली ८×४२ शोधा.

८. या जाहिरातींपासून दूर राहा

ऑनलाइन खरेदीत "१०-१८०×१००" असे आकडे असलेल्या, हातात मावणाऱ्या दुर्बिणी दिसतात. १०० मिमीचं भिंग हातात मावतच नाही, चहाच्या बशीएवढं असतं. पट्टी लावून मोजा, भिंग जेमतेम २०-३० मिमीचं निघतं.

पट कमी-जास्त करता येणारी झूम दुर्बीणही नको. वर्तुळ लहान होतं, चित्र मंद होतं आणि दोन नळ्या एकमेकींशी जुळेनाशा होतात.

चकचकीत लाल भिंगं दिसायला छान दिसतात. पण ती लाल उजेड परत फेकतात आणि आत सगळं हिरवट-निळं दिसतं. रंगावरून पक्षी ओळखायचा तर हे कसं चालेल? "फोकस करायची गरजच नाही" अशी दुर्बीणही पक्ष्यांसाठी निरुपयोगी, कारण आपले पक्षी कधी पाच मीटरवर असतात, कधी पन्नास.

९. दुकानात जाताना

सोबत न्या: पट्टी, छोटी टॉर्च, नेहमीचा चष्मा आणि शक्य असेल तर मित्राची चांगली दुर्बीण, तुलनेसाठी. संध्याकाळी सहाच्या सुमारास जा, दुपारी नको.

• हातभर लांब धरून मागचे पांढरे गोल बघा. ते पूर्ण गोल हवेत. कडा करड्या आणि चौकोनी दिसत असतील तर प्रिझम हलक्या प्रतीचा आहे.
• पुढच्या भिंगात दिव्याचं प्रतिबिंब बघा. हिरवट, जांभळट दिसलं तर कोटिंग आहे. पांढरंशुभ्र दिसलं तर नाही.
• दूरची विजेची तार बघा. दोन तारा दिसल्या किंवा दोन मिनिटांत डोळे ओढल्यासारखे झाले तर नळ्या समांतर नाहीत. ती दुर्बीण घेऊ नका, कितीही स्वस्त असो.
• फोकसचं चाक एका बोटाने, अडखळल्याशिवाय फिरलं पाहिजे.
• जुनी घेत असाल तर पुढून टॉर्च मारून आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे म्हणजे बुरशी.

घेताना पक्कं बिल, दुकानाचा शिक्का मारलेलं वॉरंटी कार्ड आणि त्यावर दुर्बिणीचा अनुक्रमांक, हे तिन्ही घ्या. अनुक्रमांक दुर्बिणीवरच्याशी ताडून बघा आणि फोटो काढून ठेवा. माझ्या पहिल्या दुर्बिणीच्या कार्डावर शिक्काच मारलेला नव्हता. आठ महिन्यांनी चाक अडकलं तेव्हा दुरुस्तीचा खर्च मला करावा लागला.

आणि फिरायला जाताना ओळखपत्र जवळ ठेवा. पुण्यात खडकवासल्यासारख्या ठिकाणी, जिथे लष्कराची हद्द लागून आहे, तिथे दुर्बीण डोळ्याला लावलेल्या माणसाला हटकलं जाणं साहजिक आहे. अशा हद्दीकडे, किंवा लोकांच्या घरांकडे, दुर्बीण वळवू नका. कुणी विचारलं तर शांतपणे पक्ष्यांची वही दाखवा.

१०. घरी आणल्यावर : डोळ्यांप्रमाणे बसवणं

हे पाच मिनिटांचं काम आहे आणि नवी दुर्बीण "धूसर" वाटण्याचं सर्वात मोठं कारण म्हणजे ते न करणं.

आधी दोन नळ्या जवळ-लांब करून दोन वर्तुळांचं एक वर्तुळ करा. मग दूरची एखादी पाटी निवडा. उजव्या नळीचं पुढचं भिंग हाताने झाका, दोन्ही डोळे उघडेच ठेवा, मधलं चाक फिरवून डाव्या डोळ्याला पाटी स्पष्ट करा. आता डावं भिंग झाका. चाकाला हात न लावता, उजव्या डोळ्याजवळची डायॉप्टरची कडी फिरवून उजव्या डोळ्याला स्पष्ट करा. कडी कुठे आली ती खूण लक्षात ठेवा. यापुढे फक्त मधलं चाक फिरवायचं. काही दुर्बिणींत ही कडी डावीकडे किंवा मध्यावर असते, तिथे क्रम तसा बदला.

पक्षी सापडत नाही ही पुढची तक्रार. पक्षी दिसला की आपण मान खाली घालून दुर्बीण शोधतो, वर बघतो तोवर फांदी हरवलेली असते. नजर पक्ष्यावरच ठेवा आणि दुर्बीण डोळ्यांपर्यंत आणा. गॅलरीतून समोरच्या पिंपळावरच्या तांबटावर आठवडाभर रोज दहा मिनिटं सराव करा. एका जागी बसून टुक-टुक करणारा तो फार सोयीचा शिक्षक आहे. ते जमलं की वेड्या राघूवर या. तो किडा पकडून पुन्हा त्याच तारेवर येतो, त्यामुळे दुसरी संधी मिळते.

११. पावसाळा

आपल्याकडे दुर्बिणी पडून फुटतात त्यापेक्षा बुरशीने जास्त मरतात. जून ते सप्टेंबर दमट हवा, कपाटातला अंधार आणि चामड्याची किंवा कापडी पिशवी, हे तिन्ही एकत्र आले की भिंगावर बुरशी धरते. ती काचेवरचं कोटिंग खाते. साफ केली तरी डाग राहतात.

मूळ पिशवीत ठेवूच नका. झाकण घट्ट बसणारा प्लास्टिकचा डबा घ्या, तळाशी सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. रंग बदलणारं जेल मिळतं, तेच घ्या. रंग बदलला की कढईत मंद आचेवर कोरडं करून पुन्हा वापरता येतं, मात्र ती कढई नंतर स्वयंपाकाला घेऊ नका. ओली दुर्बीण डब्यात बंद करू नका. आधी पंख्याखाली रात्रभर वाळवा. एसी गाडीतून दमट हवेत उतरल्यावर भिंगावर वाफ धरते, ती पुसत बसू नका, दहा मिनिटांत आपोआप जाते.

अलिबागजवळ अक्षीच्या किनाऱ्यावर पाणपक्षी बघून आलात तर खारं वारं बसलेलं असतं. बाहेरचं अंग ओलसर फडक्याने पुसा. भिंगावर आधी फुंकणीने वारा मारा, मऊ ब्रशने वाळूचे कण काढा, मगच मायक्रोफायबरचं फडकं फिरवा. शर्टाचं टोक किंवा ओढणी वापरली तर तेच कण काचेवर ओरखडे पाडतात.

पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी डबा उघडा, दुर्बीण बाहेर काढून तासभर उजेडात ठेवा आणि पुढून टॉर्च मारून आत बघा. धागा दिसायला लागला तर त्याच आठवड्यात दुरुस्तीला न्या. स्वतः स्क्रू उघडू नका. एकदा प्रिझम हलला की दोन नळ्या घरी पुन्हा जुळवता येत नाहीत.